वाचकांचे प्रश्न : हाड जुळताना जीन्स नेमकं काय करतात?

मागच्या अंकात जीन्सवरचा, म्हणजे जनुकांवरचा, लेख होता, त्यात हाड जुळण्याबद्दल जेमतेम दोन ओळी होत्या आणि पत्रं बघितली तर अर्ध्याहून जास्त त्या दोन ओळींवरच. फ्रॅक्चर कुणाच्या ना कुणाच्या घरी झालेलं असतंच, त्यामुळे नवल नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक पत्रं छोटी केलीत, आणि ज्यांनी एक्स-रेचे फोटो पाठवून "कधी जुळेल?" असं विचारलंय त्यांनी प्लीज आपल्या डॉक्टरांनाच विचारा, ते काम या सदराचं नाही.

प्रश्न : माझ्या मुलाचा हात फ्रॅक्चर झालाय. नेटवर वाचलं की फ्रॅक्चरनंतर शेकडो जीन्समध्ये बदल होतो. तेव्हापासून मी धसकाच घेतलाय. हा बदल कायमचा राहतो का? पुढे त्याच्या मुलांमध्ये जाईल का? (एक आई)

ताई, आधी तो धसका सोडा. जीन बदलत नाही, जीनचं काम कमीजास्त होतं, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत (लाल रक्तपेशी सोडून द्या, त्यांच्यात केंद्रकच नसतं) डीएनए तोच आणि प्रथिनं बनवणारी साधारण २०,००० जीन्सही तीच. मग हाडाची पेशी हाडाची का आणि कातडीची कातडीची का, तर कुठल्या पेशीत कुठली जीन्स कामाला लागलीयत आणि कुठली गप्प आहेत त्यावरून. कामाला लागलेल्या जीनची आरएनए कॉपी निघते, त्या कॉपीवरून प्रथिन बनतं. हाड मोडलं की तिथल्या पेशी एरवी गप्प असलेली कितीतरी जीन्स कामाला लावतात, काहींच्या कॉप्या कित्येक पटीने वाढतात, काहींच्या थांबतात, आणि काम उरकलं की बहुतेक सगळं परत मूळ पातळीवर येतं. हाताच्या हाडात हे जे चाललंय त्याचा अंडपेशी-शुक्राणूंशी काही संबंध येत नाही, त्यामुळे पुढच्या पिढीत जायचा प्रश्नच नाही.

प्रश्न : सर, रक्ताची गाठ, सॉफ्ट कॅलस, हार्ड कॅलस आणि रिमॉडेलिंग अशा चार स्टेज पाठ आहेत. पण कुठल्या स्टेजला कुठलं जीन हे डोक्यात बसतच नाही. एखादं टेबल द्याल का? (फिजिओथेरपीची विद्यार्थिनी)

टेबल मुद्दामच देत नाही, कारण टेबलात चार चौकोन वेगवेगळे दिसतात आणि खऱ्या कॅलसमध्ये (म्हणजे मोडलेल्या जागी भरून येणाऱ्या गाठीत) या चारही गोष्टी एकाच वेळी शेजारी-शेजारी चाललेल्या असतात. सगळ्यात मस्त दिसतं ते उंदराच्या मोडलेल्या मांडीच्या हाडाच्या स्लाइडवर. साधारण दहाव्या दिवसाचा पातळ काप घ्यायचा, सॅफ्रॅनिन-ओ आणि फास्ट ग्रीन हे रंग लावायचे आणि मायक्रोस्कोपखाली धरायचं. मधोमध, जिथे तुटलंय तिथे, लाल-केशरी कूर्चेचा (कानात असतं तसल्या मऊ हाडाचा) गोळा दिसतो, दोन्ही टोकांना जुन्या हाडाला चिकटून हिरवट नवीन हाड, आणि दोघांच्या सीमेवर फुगलेल्या मोठमोठ्या पेशींची रांग. एका कापात अख्खी गोष्ट आहे, ती टोकाकडून मधे वाचत यायची.

आता क्रमाने सांगतो. हाडाबरोबर रक्तवाहिन्याही तुटतात, रक्त साकळतं, आणि पहिल्या काही तासांतच टीएनएफ-अल्फा, आयएल-वन, आयएल-सिक्स या सूज आणणाऱ्या संदेशांची जीन्स उसळी मारतात. उंदरात टीएनएफ २४ तासांच्या आसपास शिखरावर जातो आणि ७२ तासांपर्यंत खाली येतो. हे खाली येणं लक्षात ठेव, पुढे डायबेटिसच्या उत्तरात लागणार आहे. या संदेशांमुळे मॅक्रोफेज नावाच्या सफाई करणाऱ्या पेशी येतात, साफसफाई होते, आणि हाडावरच्या पातळ आवरणातल्या म्हणजे पेरिऑस्टियममधल्या स्टेम सेल्स (ज्यांचं काय व्हायचं ते अजून ठरलेलं नसतं अशा पेशी) जाग्या होऊन भराभर वाढायला लागतात. इथेच बीएमपी-टू या हाड बनवायला सांगणाऱ्या संदेशाचं जीन कामाला लागतं आणि त्याच्याशिवाय गाडी पुढे सरकतच नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या फक्त पायांतून हे जीन काढून टाकलं होतं, तर पाय दिसायला ठीकठाक वाढले, पण त्यांची हाडं आपोआप मोडायला लागली आणि मोडलेली जुळेनात.

मग त्या स्टेम सेल्सपुढे दोन वाटा असतात. टोकांकडे, जिथे रक्तपुरवठा शाबूत आहे आणि हालचाल कमी आहे, तिथे रंक्स-टू आणि ऑस्टेरिक्स ही जीन्स वर येतात आणि पेशी थेट हाड बनवायला लागतात. मधल्या फटीत ऑक्सिजन कमी, हालचाल जास्त, तिथे सॉक्स-नाइन वर येतं आणि पेशी कूर्चा बनवतात, टाइप-टू कोलॅजन या धाग्यासारख्या प्रथिनाची. ही कूर्चा म्हणजे स्लॅबखालचं सेंट्रिंग समज, ती राहायला आलेलीच नसते. आठवड्याभरात उंदरात टाइप-टू कोलॅजन भरात येतं, त्यानंतर पेशी फुगतात, सॉक्स-नाइन उतरतं, टाइप-टेन कोलॅजन चढतं, आणि या फुगलेल्या पेशी व्हीईजीएफ हा संदेश सोडून रक्तवाहिन्यांना आत बोलावतात. त्याच सुमाराला टीएनएफ दुसऱ्यांदा वर येतो, सोबत रँकल नावाचा संदेश, आणि दोघं मिळून चुना धरलेली कूर्चा काढायला लावतात. तिसऱ्या आठवड्याकडे ऑस्टिओकॅल्सिनसारखी पक्क्या हाडाची जीन्स जोरात असतात. माणसात क्रम हाच पण वेळ जास्त लागतो, आणि शेवटचं घडवून-तासून घेण्याचं काम तर महिनोन्महिने, कधी कधी वर्षं चालतं.

परीक्षेत बहुतेक विचारणार नाहीत तरी एक गोष्ट सांगतो. कूर्चेच्या फुगलेल्या पेशी मरतात आणि मग बाहेरून हाडाच्या पेशी येतात असंच वर्षानुवर्षं शिकवलं जायचं. २०१४ च्या सुमाराला उंदरांमध्ये पेशींना रंगाची खूण करून त्यांचा माग काढला तेव्हा दिसलं की त्यातल्या बऱ्याच पेशी मरत नाहीत, जीन्सचा सेट बदलून स्वतःच ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे हाड बनवणाऱ्या पेशी, होतात. मला विचारशील तर या सगळ्या विषयातली ही सगळ्यात भारी गोष्ट आहे.

प्रश्न : रंक्स-टू ला मास्टर जीन का म्हणतात? एकच जीन एवढं काय करणार?

१९९७ मध्ये हे जीन नसलेले उंदीर तयार केले गेले. पिल्लं जन्मली, सांगाडा जागच्या जागी होता, पण तो पूर्ण कूर्चेचा, हाड औषधालासुद्धा नाही. बरगड्या मऊ असल्यामुळे श्वासच घेता आला नाही आणि जन्मल्या जन्मल्या मेली. माणसात या जीनच्या दोन कॉप्यांपैकी एक बिघडलेली असली तर क्लायडोक्रेनियल डिस्प्लेसिया नावाचा आजार होतो, त्यात गळ्याजवळची हाडं अर्धवट असतात किंवा नसतातच, आणि अशी काही माणसं दोन्ही खांदे छातीपुढे एकमेकांना टेकवू शकतात. आहे की नाही एकट्याचं काम!

प्रश्न : हाड जुळलं की काही वर्षांनी एक्स-रेमध्ये खूणसुद्धा राहत नाही, पण त्याच अपघातातला कातडीवरचा व्रण मात्र आयुष्यभर. असं का?

कारण हाड पुन्हा घडतं आणि कातडी डागडुजी करते. हाड मोडल्यावर पेशी वापरतात ती जीन्स गर्भात हाड पहिल्यांदा बनताना वापरलेलीच, सॉक्स-नाइन, रंक्स-टू, बीएमपी सगळी तीच मंडळी, म्हणून नवं हाड जुन्यासारखंच निघतं. मोठ्या माणसाच्या कातडीत खोल जखम झाली की प्राधान्य असतं भोक लवकर बुजवायला. तिथे टीजीएफ-बीटा-वन या संदेशाचा जोर असतो, मायोफायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी जखम ओढून धरतात आणि कोलॅजनच्या जाड दोऱ्या एकाच दिशेने भरून टाकतात. घामाच्या ग्रंथी नाहीत, केस नाहीत, आणि ताकद मूळ कातडीच्या फार तर ८० टक्के.

गंमत म्हणजे गर्भाची कातडी सुरुवातीच्या महिन्यांत व्रणाशिवाय भरते आणि तिथे टीजीएफ-बीटा-थ्री चं प्रमाण जास्त असतं. मग काय, टीजीएफ-बीटा-थ्री चं औषधच बनवलं, सुरुवातीच्या चाचण्या छान गेल्या, आणि २०११ मध्ये तिसऱ्या टप्प्यात ते सपशेल नापास झालं. एक संदेश उचलून टोचला म्हणजे त्याच्या आजूबाजूची सगळी वेळापत्रकं आपोआप जुळतात असं नसतं.

प्रश्न : सूज कमी करायच्या गोळ्यांनी हाड उशिरा जुळतं म्हणतात. मग दुखणं सोसत बसायचं का? (एक आजोबा)

आजोबा, सोसत बसू नका. शंका कुठून आली ते सांगतो. या गोळ्या कॉक्स-टू नावाचं एन्झाइम अडवतात, आणि हाड मोडल्यावर पहिल्या दिवसांत कॉक्स-टू चं जीन मुद्दाम वर आलेलं असतं. २००२ मध्ये हे जीन नसलेल्या उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले, त्यांची हाडं खरंच रखडली. म्हणजे सूज ही नुसती कटकट नाही, ती पहिली हाक आहे आणि तिला सरसकट गुन्हेगार ठरवणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. पण उंदरात जीनच काढून टाकणं आणि माणसाने चार दिवस गोळी घेणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. माणसांमधले निष्कर्ष उलटसुलट आहेत, जास्त डोस आणि जास्त दिवस यावर संशय जास्त आहे, आणि लहान मुलांमध्ये आयबुप्रोफेन देऊन झालेल्या चाचणीत हाड जुळायला उशीर झालेला दिसला नाही. कुठली गोळी, किती दिवस, हे तुमची किडनी आणि पोट माहीत असलेले डॉक्टरच सांगतील, मनाने चालूही करू नका आणि बंदही करू नका.

प्रश्न : बीएमपीमुळे हाड बनतं हे एवढं माहीत आहे तर प्रत्येक फ्रॅक्चरमध्ये ते टोचून मोकळे का होत नाहीत?

हा प्रश्न तर चिक्कार लोकांनी विचारलाय, म्हणून जरा सविस्तर. १९६५ मध्ये मार्शल युरिस्ट या अमेरिकन ऑर्थोपेडिक सर्जनने दाखवलं की हाडातलं कॅल्शियम ॲसिडने काढून उरलेला सांगाडा प्राण्याच्या स्नायूत ठेवला तर चक्क स्नायूत नवीन हाड तयार होतं. त्या सांगाड्यात काहीतरी संदेश देणारं होतं, त्यालाच पुढे बीएमपी नाव पडलं, १९८८ मध्ये त्याची जीन्स हाती लागली, आणि २००२ मध्ये अमेरिकेत बीएमपी-टू ला मणके जोडायच्या एका ऑपरेशनसाठी परवानगी मिळाली, २००४ मध्ये नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरसाठी. म्हणजे टोचून बघितलेलं आहे, सरसकट नाही एवढंच.

अडचण अशी की शरीर हा संदेश नॅनोग्रॅममध्ये देतं, योग्य पेशीपाशी, योग्य दिवशी, आणि लगेच त्याला आवरणारी नॉगिनसारखी जीन्सही चालू करतं. औषध म्हणून तो कोलॅजनच्या स्पंजमधून मिलीग्रॅममध्ये द्यावा लागतो, कारण तो टिकत नाही, वाहून जातो. मग अति तिथे माती. नको तिथे हाड, भयंकर सूज. २००८ मध्ये तर अमेरिकेच्या औषध नियामकाने इशारा दिला की मानेच्या मणक्यात वापरल्यावर गळा सुजून श्वास आणि गिळणं अडल्याच्या घटना झाल्यात.

आणि हा संदेश कायमचा चालू राहिला तर काय होतं हे बघायचं असेल तर एफओपी नावाचा अतिशय दुर्मिळ आजार आहे. बीएमपीचा संदेश घेणाऱ्या एसीव्हीआर-वन या जीनमध्ये एका अक्षराची चूक, २००६ मध्ये सापडलेली. अशा माणसाला साधा मुका मार लागला तरी स्नायूच्या जागी हाड बनतं, आणि ते ऑपरेशनने काढायला गेलं तर त्या जखमेवर आणखी हाड बनतं. सगळे म्हणतात हाडाचं जीन वाढवा, वाढवा, पण खरी कसरत ते वेळेवर बंद करण्यात आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : प्लेट-स्क्रू बसवलेत, तीन महिने झाले, एक्स-रेमध्ये कॅलस दिसतच नाही. पेशींनी काम बंद केलं का?

तुमचा एक्स-रे मी वाचणार नाही, पण सर्वसाधारण उत्तर असं की घट्ट प्लेटमध्ये कॅलस नसणं हे अपेक्षितच असू शकतं. पेशी जीन्स निवडतात त्या नुसत्या रसायनांवरून नाही, ताणावरूनही. फटीतली हालचाल फटीच्या रुंदीच्या २ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर कूर्चेची वाट घ्यायची गरजच पडत नाही, हाड थेट हाडाला जुळतं. २ ते १० टक्क्यांत कॅलस बनतो. त्यापेक्षा जास्त हललं की हाड टिकत नाही, मधे नुसते तंतू भरतात. रॉड घातलेल्या किंवा प्लास्टरमधल्या फ्रॅक्चरला कॅलस येतो तो म्हणूनच. दुखणं वाढलं किंवा प्लेट सैल वाटली तर मात्र लगेच दाखवा.

प्रश्न : कुठल्या दिवशी कुठलं जीन चालू आहे हे कळतं कसं? उंदराला विचारता थोडंच येतं!

हाहा, नाही येत. कॅलस काढायचा, तत्काळ द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांत, बुडवायचा, गोठलेला असतानाच कुटून त्याची पावडर करायची आणि त्यातून आरएनए वेगळा करायचा. सांगायला सोपं, पण हाड हा आरएनए काढायला अत्यंत खट्याळ टिश्यू आहे, कठीण एवढा की कुटता कुटता वितळतो, आणि वितळला की पेशींमधलीच एन्झाइम्स आरएनए खाऊन टाकतात, शिवाय आपल्या बोटांवरही तशीच एन्झाइम्स असतात म्हणून ग्लोव्हज काढून ट्यूबला हात लावला की संपलं. चांगला आरएनए हाती आला की पीसीआरने एकेका जीनच्या कॉप्या मोजतात किंवा सिक्वेन्सिंगने एकदम सगळ्यांच्या.

यात एक खोच आहे. कुटून घेतलेल्या पावडरीत कूर्चा, हाड, रक्त, मॅक्रोफेज सगळ्यांची सरासरी येते, त्यामुळे "सातव्या दिवशी अमुक जीन वाढलं" याचा अर्थ प्रत्येक पेशीत ते वाढलं असा नाही, त्या जीनवाल्या पेशी संख्येने वाढल्या असंही असू शकतं. म्हणून हल्ली एकेक पेशी सुटी करून तिचा आरएनए वाचतात. बातम्यांमध्ये "हाडाचं जीन सापडलं" असं आलं की आधी बघा, सरासरी होती की एकेक पेशी, आणि उंदीर की माणूस.

प्रश्न : वडिलांना डायबेटिस आहे, सिगारेटही ओढतात, फ्रॅक्चर रखडलंय. यातही जीन्सचा हात आहे का?

आहे, आणि इथेच तो टीएनएफ परत येतो. मघाशी म्हटलं तसं तो वर जाऊन खाली यायला हवा, मग कूर्चा काढायच्या वेळी पुन्हा थोडा वर. डायबेटिस झालेल्या उंदरांमध्ये तो या दुसऱ्या टप्प्यात खूप जास्त राहतो, कूर्चा खाणाऱ्या पेशी वाढतात, आणि हाड बनायच्या आधीच आधार निघून जातो. त्याच उंदरांना इन्सुलिन दिलं किंवा टीएनएफ अडवला तर कूर्चा टिकते. उलट टीएनएफचा संदेश घेणारी जीन्सच नसलेल्या उंदरात कूर्चा वेळेवर निघत नाही आणि तिथेही हाड रखडतं. म्हणजे जास्तही नको, कमीही नको, आणि अवेळी तर अजिबात नको. सिगारेटचं म्हणाल तर ओढणाऱ्यांमध्ये हाड न जुळण्याचा धोका जवळपास दुप्पट दिसतो, तिथे रक्तपुरवठा आणि ऑक्सिजन दोन्हीचा घोळ होतो. शुगर ताब्यात आणणं आणि सिगारेट सोडणं हे दोन्ही आजपासून करता येण्यासारखं आहे, काकांना माझं नाव सांगून ओरडा.

प्रश्न : हाड लवकर जुळेल की उशिरा हे सांगणारी जीन टेस्ट कुठे होते?

रोजच्या उपचारात वापरावी अशी कुठलीही नाही. कोणी विकत असेल तर पैसे वाचवा.

प्रश्न : ऑस्टिओपोरोसिसवरचं नवं इंजेक्शन हाड बनवतं म्हणे. फ्रॅक्चरमध्ये पण चालेल का?

तुम्ही बहुतेक रोमोसोझुमॅब म्हणताय. हाडाच्या आत बसलेल्या ऑस्टिओसाइट पेशी एसओएसटी या जीनवरून स्क्लेरोस्टिन बनवतात आणि ते हाड बनवण्याला ब्रेक लावतं. हाडावर भार पडला की हे जीन उतरतं, अंथरुणाला खिळलं की चढतं. इंजेक्शन त्या स्क्लेरोस्टिनलाच पकडतं. २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली, ती मासिक पाळी गेलेल्या आणि फ्रॅक्चरचा धोका जास्त असलेल्या स्त्रियांसाठी, आणि हार्ट अटॅक-स्ट्रोकच्या ठळक इशाऱ्यासकट. स्क्लेरोस्टिन अडवल्यावर प्राण्यांमध्ये फ्रॅक्चर छान जुळलं होतं, म्हणून खुब्याच्या आणि नडगीच्या फ्रॅक्चरवर माणसांमध्ये चाचण्या झाल्या, २०२० मध्ये निकाल आले, आणि औषध नसलेलं नुसतं इंजेक्शन दिलेल्यांपेक्षा काही फरक पडला नाही. तेव्हा ठिसूळ हाडासाठी उपयोगी, ताज्या फ्रॅक्चरला घाई करायला नाही.

प्रश्न : सॅलॅमँडरला तुटलेला अख्खा पाय परत येतो. ती जीन्स आपल्यात नाहीत का? (नववीतला वाचक)

बरीचशी आहेत की! मित्रा, लहान मुलांच्या बोटाचं अगदी टोक तुटलं तर ते नखासकट परत वाढू शकतं, आणि उंदराच्या बोटाचंही तसंच, फक्त नखाच्या मुळाशी थोडा भाग शिल्लक हवा, कारण तिथल्या स्टेम सेल्समधून डब्ल्यूएनटी नावाचा संदेश सुटतो. तुटलेलं त्याच्या मागे असेल तर नाही जमत. ॲक्सोलॉटल या सॅलॅमँडरवर २०१३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला, पाय कापायच्या आधी त्याच्या शरीरातले मॅक्रोफेज संपवून टाकले, तर त्याला पायाऐवजी आपल्यासारखा व्रण आला. मॅक्रोफेज परत वाढू दिले आणि त्याच जागी पुन्हा कापलं, तर पाय आला. आता तूच सांग, त्या मॅक्रोफेजमधली कुठली जीन्स आपल्या मॅक्रोफेजपेक्षा वेगळ्या वेळी चालू होत असतील? यावर अजून काम चालू आहे, आणि तू बारावी होईपर्यंत ते संपेल असं मला वाटत नाही.